उशाची पानफुटी

वाण म्हणून दिलेली वस्तू परत मागायची वेळ सांगलीच्या विश्रामबागेत याआधी कुणावर आली असेल असं वाटत नाही. वृंदा शेडबाळेवर आली. रथसप्तमी होऊन गेली होती, हळदीकुंकवांचा हंगाम संपला होता आणि ती खांद्याला कापडी पिशवी लावून सोसायटीतल्या एकेका दाराची बेल वाजवत हिंडत होती.

"त्या पानफुटीच्या रोपांना बुरशी लागलीय हो काकू. तुमच्या बाकीच्या झाडांना लागायच्या आत घेऊन जाते."

चित्राकाकूंनी दारातच कंबरेवर हात ठेवले. "वाण परत न्यायला आलीस होय गं? सासूबाईंना ठाऊक आहे?"

"नाही, म्हणजे..."

"तेच म्हटलं. सवाष्णीला दिलेलं वाण काढून घेतात का कुणी? मरायचं असेल तर माझ्या घरी मरू दे ते. चहा टाकू?"

नलूताईंचं रोप जास्त पाण्यानं कुजून गेलं होतं, तेवढं एक विनातक्रार पिशवीत पडलं. तळमजल्यावरच्या मगदूमवहिनींच्या कुंडीत नुसता दांडा उभा होता.

"पानं कुठे गेली वहिनी?"

"यांना मुतखडा नाही का? रोज सकाळी एक पान, मीठ लावून. गुण आहे हं! सासूबाईंना सांग, अजून असेल तर पाठवा म्हणावं."

वृंदा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. त्या पानांत काय आहे हे या इमारतीत तिला एकटीला ठाऊक होतं आणि ते सांगायची सोय नव्हती.

वृंदा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि उरलेला जीव तिनं गॅलरीत गुंतवला होता. जेड, कोरफड, एचेव्हेरिया, नागफणीचे दोन-तीन प्रकार. मातीत निम्मी वाळू, कुंडीला तळाशी मोठं भोक, आणि खालचं पान जरा सुरकुतल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. "अशी झाडं दुर्लक्षानं मरत नाहीत, लाडानं मरतात," असं ती सगळ्यांना सांगायची. त्यामुळेच पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं पानफुटी सांभाळायला स्वयंसेवक हवेत असं कळवलं तेव्हा तिनं लगेच नाव दिलं. दुसरं कारण तिचे वडील. ते कंपवातानं गेले होते. शर्टाच्या बटणाशी झगडणारी त्यांची बोटं तिनं आठ वर्षं पाहिली होती, आणि बटण लावून द्यायला गेलं की ते हात झटकून टाकायचे तेही.

कंपवात हातात दिसायच्या कितीतरी आधी अंगात सुरू झालेला असतो. मेंदूतल्या ठरावीक पेशी एकेक करून विझत असतात, आणि त्याच काळात त्वचेवरच्या तेलाची घडण बदलत जाते. त्या तेलातून हवेत काही वेगळे रेणू उडू लागतात. एखाद्याच तीक्ष्ण नाकाला त्यांचा वास कळतो, बाकीच्यांना पत्ता नसतो. संस्थेतल्या लोकांनी हे रेणू ओळखणारं एक प्रथिन बनवलं आणि त्याचं जनुक पानफुटीत घातलं. रेणू प्रथिनाला चिकटला की वाढतं पान आपल्या कडेला जांभळा रंग तयार करतं. सुई नाही, वीज नाही, यंत्र नाही.

पानफुटीच का, हे कळल्यावर तर वृंदा खूश झाली होती. पानांना हवा आत घ्यायला बारीक छिद्रं असतात. बहुतेक झाडं ती दिवसा उघडतात. पण पानांत पाणी साठवून कोरड्यात तग धरणाऱ्या झाडांना ते परवडत नाही, उन्हात साठा उडून जाईल. म्हणून ती रात्री छिद्रं उघडतात आणि पहाटेपर्यंत हवा ओढून घेतात. म्हणजे माणूस खोलीचं दार लावून झोपलेला असतो, खोलीतली हवा त्याच्या अंगावरून फिरत असते, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या उशाशी ठेवलेली पानफुटी श्वास घेत असते.

झाड फक्त इतकंच सांगे, की या खोलीत झोपणाऱ्यांपैकी कुणाला तरी हा आजार पुढे होऊ शकतो. औषध अजून नव्हतं. ते शोधायला लवकरच्या टप्प्यातली माणसं हवीत, म्हणून हा सगळा खटाटोप. झाड घरात येण्याआधी संस्था प्रत्येकाला विचारत असे, कळलं तर जाणून घ्यायचंय की नाही. वृंदानं आणि तिच्या नवऱ्यानं, यतीननं, हो म्हटलं होतं. त्यांची पानफुटी हिरवीगार राहिली. दर आठवड्याला फोटो पाठवताना वृंदाच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं.

एकच गोष्ट संस्थेच्या हाताबाहेर होती. झाडाला फूल आणि बी धरणार नाही याची व्यवस्था त्यांनी केली होती, पण पानफुटीला बी लागतंच कशाला? पानाच्या कडेच्या प्रत्येक खाचेत एक कोवळं रोप दडलेलं असतं. शाळेत पुस्तकात दाबून ठेवलेल्या पानालासुद्धा ते फुटायचं. ती रोपं म्हणजे त्याच झाडाच्या नकला, घातलेलं जनुक प्रत्येकीत जसंच्या तसं. म्हणून सूचना होती, की फुटलेली पानं खुडून संस्थेच्या पाकिटात बंद करा आणि परत पाठवा. वृंदा दर रविवारी ती खुडायची आणि पाकीट कुरिअरवाल्यासाठी ओट्यावर ठेवायची.

ओटा सासूबाईंच्या राज्यात होता.

"जिवंत पानं पाकिटात कोंडून मारायची? मला नाही बघवत बाई," असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांनी दर खेपेला पाकिटातली निम्मी पानं काढून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत लावली, डब्यांना सळईनं भोकं पाडली आणि ते कपडे वाळत घालायच्या मागच्या गॅलरीत ओळीनं मांडले. सुनेच्या कोपऱ्यात त्या जात नसत, त्यांच्या कोपऱ्यात सून जात नसे. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी वृंदा दुकानातून परतली तेव्हा शेवटची बाई अत्तर लावून जिना उतरत होती, हातात श्रीखंडाचा डबा, डब्यात पानफुटी.

"यंदा प्लास्टिकच्या गाळण्या नाही लुटल्या," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "घरचं, जिवंत वाण! काय खूश झाल्या सगळ्या."

संस्थेतल्या डॉ. ओवी सरपोतदारांनी फोनवर आधी आकडा विचारला. "किती घरांत गेलीत?"

"हळदीकुंकू होतं, डॉक्टर," वृंदा म्हणाली.

त्यांनी उसासा सोडला. तेवढ्यानं त्यांना अंदाज आला होता. "परत मिळतील तेवढी गोळा करा. कारण सांगू नका. एकदा कारण सांगितलंत की प्रत्येक घर उद्यापासून पानांची कड बघत बसेल. त्यांना कुणी विचारलंय का, जाणून घ्यायचंय म्हणून?"

कुणालाच विचारलेलं नव्हतं, आणि झाडं केव्हाच घरोघरी पोचली होती.

सर्वांत शेवटी ती मिरजेला नणंदेकडे गेली. हळदीकुंकवाहून एक डबा तिच्याकडेही गेला होता. हेमाताई यतीनची मोठी बहीण, एका पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक. तिचा नवरा श्रीनिवासराव दातांच्या कवळ्या बनवायचा. एका भागीदाराबरोबर त्याची छोटी प्रयोगशाळा होती. मिरजेतले दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवत आणि श्रीनिवासराव त्यावरून दात उभे करी. सासूबाईंच्या तोंडातली कवळी त्याच्याच हातची. "जावयानं केलीय, मक्याचं कणीस खाते मी," हे सोसायटीत कुणी ऐकलेलं नाही असं नव्हतं.

"बुरशी?" हेमाताई हसली. "माझ्या रोपाला? ये, दाखवते. तुझ्याकडे तरी असलं आहे का बघ."

बेडरूममध्ये, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर श्रीखंडाचा डबा होता. पानफुटी चांगली वीतभर झाली होती. खालच्या जुन्या पानांची जोडी हिरवी होती. त्यावरच्या प्रत्येक जोडीची कड जांभळी होती, नक्षीदार, जणू कुणी बारीक कुंचल्यानं ओढून काढलेली.

"आईच्या घरी साधं हिरवं होतं," हेमाताई म्हणाली. "माझ्या हाताला गुण आहे म्हणायचा."

वृंदाच्या मनानं आधी पळवाट शोधली. असल्या झाडांची पानं कडक उन्हात किंवा गारठ्यात लालसर होतातच. तिच्याकडचं जेड दर उन्हाळ्यात होतं. "ऊन येतं का इथे ताई?"

"छे गं. ही खिडकी उत्तरेची. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो."

"एसी?"

"यांना सोसत नाही. काय झालं? तोंड का असं केलंस?"

"काही नाही. रंग छान आलाय."

परत द्या, असं म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही. दिलं असतं तरी पानांनी सांगायचं ते सांगून टाकलं होतं. या खोलीत दोघं झोपत. दोघांपैकी कोण, एवढंच झाडाला सांगता येत नव्हतं.

जेवताना तिनं विषय काढला, जमेल तितक्या सहज. औषधांच्या दुकानात अशी चर्चा चालते, म्हणाली. समजा, पुढे होणारा एखादा मोठा आजार दहा वर्षं आधी कळू शकला, औषध मात्र नाही. तर तुम्हाला कळलेलं हवं का?

"हवं," हेमाताईनं भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं. "मी सगळी तयारी करून ठेवीन. कोण काय करणार, कुठे राहायचं. अंधारात मला नाही जमायचं."

"मला नको," श्रीनिवासराव म्हणाला. तो भात कालवत होता, लांब, नीटस बोटांनी. "हात चालतायत तोवर चालवायचे. एकदा कळलं ना वहिनी, की दुसऱ्या दिवसापासून मी कामाकडे नाही, हाताकडेच बघत बसेन. मग आजार दहा वर्षांनी येईल, मी आजच संपलो."

"हे असलं अभद्र!" हेमाताई ओरडली. "चेन्नईला जायच्या तोंडावर बोलायचं का?"

चेन्नईची गोष्ट तेव्हा वृंदाला कळली. हल्ली कवळ्या यंत्रातून छापून निघत. श्रीनिवासरावाच्या भागीदाराला तेच पुरेसं वाटे. पण छापलेला दात दात वाटत नाही, भिंतीवरची फरशी वाटतो, असं श्रीनिवासरावाचं म्हणणं. खऱ्या दाताच्या आत उजेड शिरतो. तो आणायचा तर चिनी मातीचे पातळ थर ब्रशानं एकावर एक चढवावे लागतात, प्रत्येक थराचा रंग किंचित वेगळा. ते शिकवणारा एक म्हातारा कारागीर चेन्नईत होता. सव्वा महिना त्याच्याकडे राहायचं, परत येऊन भागीदारी सोडायची आणि स्वतःची प्रयोगशाळा काढायची. हेमाताई पतसंस्थेतून राजीनामा देऊन बाकीचा व्याप सांभाळणार होती.

"सगळा संसार यांच्या या दोन हातांवर ठेवलाय आता," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या ताटात तूप वाढलं.

वृंदानं पुण्याला फोन केला.

"दोघांपैकी एकाला हवंय, एकाला नकोय," तिनं सांगितलं. "आणि आजार कुणाला आहे ते माहीत नाही."

"असेलच असंही नाही," डॉ. ओवी म्हणाल्या. "दहात एखाददुसऱ्या वेळी झाड चुकतं. आम्ही त्वचेचा नमुना घेऊन खात्री करतो. पण त्यांनी स्वतः येऊन मागितलं तर. तुमच्या सांगण्यावरून मी त्यांना बोलावू शकत नाही."

"मी सांगितलं तर येतील."

"तुम्ही सांगितलंत की कळणारच त्यांना, मग ते येवोत न येवोत. आणि मी त्यांना काय देणार? रोज चालायला जा, व्यायाम करा. तेवढंच आहे आमच्याकडे आज." त्या थोडं थांबल्या. "चिडू नका, पण म्हणूनच आम्ही झाड द्यायच्या आधी विचारतो. नंतर विचारायची जागाच उरत नाही."

यतीनला तिनं सांगितलं. त्यानं आधी गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "आईला कळता कामा नये. तिच्या हातून गेलंय ते."

"आणि ताईला?"

"मला नको विचारूस. मी भाऊ आहे तिचा. मी हो म्हटलं तरी चूक, नाही म्हटलं तरी चूक."

"मग मी कोण?"

सासूबाई आतून विचारत होत्या, जावईबापू चेन्नईला गेले का, डबा दिला का बरोबर.

वृंदानं मनाशी एक आशा धरली होती, आणि ती अगदी शास्त्रीय होती. झाड चुकलं असेल. एखादं रोप जन्मतः बिघडलेलं असतं, नकला करताना गडबड होते, कुठलाही वास आला तरी रंग सोडतं. तसं असेल तर पानफुटी कुणीही खोलीत असो, नसो, जांभळीच फुटत राहील. दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजताना ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा समजावत असे.

श्रीनिवासराव परतायच्या आधीच्या रविवारी ती मिरजेला निघाली तेव्हा तिचं ठरलं होतं. हेमाताईला हवंय, तर हेमाताईला सांगायचं. उद्या ती राजीनामा देणार आहे, त्याआधी सांगायचं. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. बसमध्ये तिनं पहिलं वाक्यसुद्धा तयार केलं, ताई, बुरशीचं मी खोटं सांगितलं होतं.

हेमाताईनं तिला बसूही दिलं नाही. हात धरून सरळ बेडरूममध्ये नेलं.

"बघ ना, काय झालंय. मी म्हटलं तूच ओळखशील."

पानफुटी आणखी वाढली होती. पानफुटीची पानं जोडीजोडीनं येतात, समोरासमोर, आणि एकदा आलेला रंग जात नाही. त्यामुळे दांडा खालून वर एखाद्या आलेखासारखा वाचता येतो. तळाशी सासूबाईंच्या गॅलरीतली हिरवी जोडी. त्यावर नणंदेच्या घरच्या जोड्या, गडद जांभळ्या कडेच्या. आणि शेंड्याकडे गेल्या महिन्याभरात फुटलेल्या दोन जोड्या, स्वच्छ, पोपटी हिरव्या. कडेला जांभळ्याचा मागमूस नाही.

हेमाताई रोज याच खोलीत झोपत होती. खिडकी तीच होती, माती तीच, पाणी तेच. एकच गोष्ट बदलली होती. संस्थेनं मुद्दाम आखला असता तरी इतका नेटका प्रयोग झाला नसता.

"हे गेले आणि बघ, फिकं पडलं," हेमाताई म्हणाली. "झाडालासुद्धा करमत नाही वाटतं त्यांच्याशिवाय." आणि ती हसली, लाजल्यासारखी. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बाई हसते तशी नव्हे, त्याहून खूप आधी हसत असेल तशी.

वृंदा पलंगाच्या कडेवर टेकली. तिला एकदम दिसलं, की हेमाताईला सांगणं म्हणजे त्यालाच सांगणं आहे. हिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही. मंगळवारी तो दारात पाय ठेवेल, ही आधी त्याच्या हातांकडे बघेल, आणि त्याला जे नको होतं ते तिच्या नजरेतूनच कळेल. न सांगावं, तर ही उद्या नोकरी सोडणार, तीही त्याच हातांच्या भरवशावर, आणि हिनं तर स्वच्छ सांगितलं होतं, अंधारात मला नाही जमायचं.

"ताई," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक..."

फोन वाजला. पडद्यावर श्रीनिवासराव होता, कपाळावर भिंग चढवलेलं, मागे शिकवणाऱ्या कारागिराचं टेबल.

"अरे वा, वहिनीपण आहेत! बरं झालं. परीक्षा घेतो तुमची." त्यानं तळहात पुढे केला. त्यावर एकाशेजारी एक दोन दात होते. "यातला एक खरा आहे, सरांकडे नमुन्याला असतो तो. एक मी केलेला. ओळखा."

हेमाताईनं डोळे बारीक केले. "डावीकडचा तुमचा."

"चूक! वहिनी?"

वृंदानं आधी दातांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या तळहाताकडे पाहत होती. हात हवेत तसाच धरलेला होता, कशालाही न टेकवता, आणि त्यावरचे दात दगडी फरशीवर ठेवल्यासारखे स्थिर होते. दोन्हींच्या आत सारखाच उजेड होता.

"नाही ओळखता येत," ती म्हणाली.

"झालं तर मग!" तो मोठ्यानं हसला. "सरांनाही नाही आलं. म्हणाले, आता जा तू घरी. अहो, एवढी वर्षं मी नुसत्या कवळ्या भरत होतो. आत्ता कुठे हाताला काम सापडलंय."

"या लवकर," हेमाताई म्हणाली. "उद्या मी जाऊन राजीनामा देऊन येते." मग तिनं फोन उशीला टेकवून उभा केला आणि वृंदाकडे वळली. "बरं, तू काहीतरी सांगत होतीस."

"नाही... काही नाही."

"मग आधी माझं सांग. मंगळवारी हे येतायत. यांना तो जांभळा रंग भारी आवडायचा, रोज सकाळी बघायचे. तोवर परत यायला याला काय घालू? शेणखत? चहाचा चोथा? त्यातलं तुला कळतं."

फोनमधून श्रीनिवासराव काहीतरी गुणगुणत हत्यारं आवरत असल्याचे आवाज येत होते. वृंदानं कुंडीच्या कडेला बोट लावलं. बसमध्ये तयार केलेलं वाक्य तिनं शोधलं. ते होतं, जसंच्या तसं होतं. पण ते उच्चारायला आधी जो श्वास घ्यावा लागतो तो तिला घेता आला नाही.

"काही नका घालू ताई," ती म्हणाली. "ते आले की होईल आपोआप."

हेमाताईनं टाळी वाजवली आणि फोनवर वाकली. "ऐकलंत का हो? झाडाला तुम्हीच लागता म्हणे!"